एक कला, एक सागरी मैल

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात एक दिवस असा येतो, की भर दुपारी सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर माथ्यावर आलेला असतो. घड्याळात त्या वेळी बारा वाजलेले नसतात, साडेबाराला साधारण पाच मिनिटं कमी असतात. पारा पंचेचाळिसाच्या आसपास असल्याने गच्चीवर जाऊन हे बघायला फारसं कुणी राजी नसतं. पण ज्याला समुद्र आणि शिडाच्या बोटीतून एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा समजून घ्यायची आहे आणि ज्याच्यापासून सगळ्यात जवळचा समुद्र तीनशेक किलोमीटर लांब, तापीच्या मुखाशी आहे, त्याने सुरुवात इथूनच करावी.

घड्याळातल्या त्या वरच्या पंचवीस मिनिटांत जळगावचा रेखांश दडलेला आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. जळगाव त्या रेखांशाच्या जवळजवळ सात अंश पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य सात चोक अठ्ठावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेच्या अखेरीस खरा सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे चालतो, तेवढी वजा केली की उरतात पंचवीस. महासागरात एकटा निघालेला दर्यावर्दी हेच गणित उलट्या बाजूने सोडवतो: सूर्य कधी कुठे दिसला ते घड्याळात बघायचं आणि आपण कुठल्या रेखांशावर आहोत ते काढायचं.

फक्त माथ्यावरचा नेमका क्षण पकडणं अवघड असतं, कारण त्या सुमारास सूर्य काही मिनिटं थबकल्यासारखा वाटतो. गच्चीवर त्याला जुना उपाय आहे. काठीभोवती एक वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं ती वेळ लिहा, दुपारी बाहेर पडतं ती लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे खरी मध्यान्ह. चालत्या बोटीवर वर्तुळ आखता येत नाही, म्हणून दर्यावर्दी रेखांशासाठी सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी सूर्याचा कोन घेतो आणि वेळ सेकंदासकट टिपतो. घड्याळ चार सेकंद चुकलं, की विषुववृत्तावर एक सागरी मैल चुकलाच.

अक्षांश याहून सोपा. विषुवदिनी, म्हणजे २० मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास, एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी केली तर जळगावात मध्यान्हीची सावली ३८ सेंटीमीटर भरते. २२ डिसेंबरला तीच ९८ सेंटीमीटर होते. सावलीला काठीच्या उंचीने भागलं, की सूर्य माथ्यापासून किती अंश ढळला ते कोष्टकातून मिळतं. विषुवदिनी तो ढळ हाच आपला अक्षांश, २१ अंश. इतर दिवशी सूर्याची त्या दिवसाची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, मिळवायची किंवा वजा करायची, बस्स. पण सावली मोजताना एक सेंटीमीटर जरी इकडेतिकडे झालं तरी अर्धा अंश चुकतो. अर्धा अंश म्हणजे ५५ किलोमीटर. जळगावात उभे राहून तुम्ही स्वतःला जवळपास चाळीसगावच्या अक्षांशावर नेऊन ठेवता. आणि ही चूक व्हायचीच, कारण सूर्याची तबकडीच अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कडा तेवढीच धूसर असते.

सेक्स्टंट हे कोन मोजायचं उपकरण ही अडचण दोन आरशांनी सोडवतं. सूर्याचं प्रतिबिंब खाली आणून क्षितिजरेषेवर अलगद टेकवायचं आणि कोन वाचायचा. चांगल्या उपकरणावर तो एका कलेहूनही बारीक वाचता येतो. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि पृथ्वीच्या पाठीवर एक कला म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वाचलेल्या कोनात मग दुरुस्त्या कराव्या लागतात. डोळा पाण्यापासून अडीच मीटर उंचीवर असेल तर क्षितिज पावणेतीन कला खाली झुकलेलं असतं, ते वजा करायचं. सूर्याची खालची कड टेकवली असेल तर त्याची अर्धी रुंदी, सुमारे १६ कला, मिळवायची. हवेमुळे वाकलेल्या प्रकाशाची दुरुस्ती वेगळी. बोट लाटेच्या माथ्यावर असतानाच कोन घ्यायचा, नाहीतर पुढची लाटच क्षितिज म्हणून धरली जाते. लागोपाठ पाच-सहा कोन घेऊन फटकून असलेला टाकून दिला, की नीट हाताला दोन-तीन मैलांच्या आत जागा सापडते.

चाळीसगावचं नाव वर सहज आलं, पण या विषयात ते यायलाच हवं. तिथून जवळच, पाटणादेवीच्या डोंगरांत, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. त्याच्या गोलाध्यायात पृथ्वी गोल मानून सगळं गणित मांडलेलं आहे: अक्षांश, क्रांती, सूर्याचा माथ्यापासूनचा ढळ, शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, छाया. बोटीच्या टेबलावर पेन्सिलीने केली जाणारी आकडेमोड याच नात्यांवर उभी असते. खान्देशातल्या शाळांच्या सहली पाटणादेवीला जातात, तेव्हा मुलांच्या हातात एक मीटरची काठी आणि टेप द्यायला हवा, असं मला फार वाटतं.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा केली जोशुआ स्लोकमने. २४ एप्रिल १८९५ ला तो बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला परतला. बोट ३६ फूट ९ इंचांची, नाव ‘स्प्रे’. त्याच्याकडे क्रोनोमीटर, म्हणजे अचूक सागरी घड्याळ, नव्हतं, एक स्वस्तातलं पत्र्याचं घड्याळ होतं. वाटेत कुठेही न थांबता, एकट्याने, पहिली फेरी पूर्ण केली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. त्याची ‘सुहेली’ जेमतेम ३२ फुटांची, सागवानी, आणि बांधलेली मुंबईत. त्या फेरीत पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, आणि बुडाच्या फळ्यांची गळती थांबवायला त्याला भर समुद्रात पाण्याखाली उतरून तांब्याची पट्टी ठोकावी लागली. बोट तरली ती लाकडाच्या आणि सुतारकामाच्या बळावर.

भारतीयांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला मान दिलीप दोंदे यांचा. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून नौदलाने ‘सागर परिक्रमा’ हाती घेतली. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परतले. त्याच बोटीतून अभिलाष टोमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता २०१३ च्या मार्चअखेर मुंबईला पोचले.

फेरी कशाला म्हणायची याचे नियम चोख आहेत. निघालात तिथेच परत यायचं, सगळे रेखांश ओलांडायचे, विषुववृत्त ओलांडायचं, आणि अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरलं पाहिजे. २१,६०० हा आकडा ३६० अंश गुणिले ६० कला एवढाच आहे. मुंबईहून निघणाऱ्याला आधी दक्षिणेला उतरावं लागतं, मग ऑस्ट्रेलियाचं लीउविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि आफ्रिकेचं गुड होप ही तीन टोकं पूर्वेकडे जाताना ओलांडायची. निघायची तारीख हॉर्नवरून मागे मोजत ठरते. हे टोक ५६ अंश दक्षिणेला. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा, त्यातच ते गाठायचं.

दक्षिणेला उतरताना विषुववृत्ताच्या आसपास वारा मरतो. शिडं लोंबकळतात, मधूनच काळा ढग येऊन पाच मिनिटं झोडपून जातो. तो पट्टा ओलांडला की आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे लागतात, पंधरा-वीस नॉटचे (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), दिवसरात्र एकसारखे. आता हेच वारे जूनमध्ये काय करतात ते पाहा. दक्षिण हिंदी महासागरात मॅस्करीन बेटांजवळ हवेचा जास्त दाब असतो, तिथून ते निघतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात. सोमालियाजवळ जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर त्यांचा झोत होतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये तो नीट मांडून दाखवला. वाटेत अरबी समुद्राची वाफ उचलून हे वारे सह्याद्रीला धडकतात. पलीकडे खान्देश. डोंगराच्या सावलीत असल्यामुळे साक्री-धुळ्याच्या वाट्याला कमीच येतं, पण तापीचं खोरं पश्चिमेला उघडं असल्याने त्या दारातून ओल आत शिरते. रावेर-यावलच्या केळीला जे पाणी लागतं, त्यातलं बरंच विषुववृत्ताच्या पलीकडून साताठ दिवसांचा प्रवास करून येतं. कापसाची धूळपेरणी करावी की ७५-१०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत थांबावं, या प्रश्नाचं उत्तर त्या पाण्यात आहे. म्हणूनच समुद्र हा कोकणाचा विषय आणि आपला फक्त नदीचा, ही वाटणी मला मान्य नाही.

चाळीस अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमी वारे लागतात आणि लाटेचं शास्त्र खऱ्या अर्थाने सुरू होतं. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि किती अंतरावर अडथळ्याशिवाय वाहिला. हॉर्नच्या दक्षिणेला पृथ्वीभोवती जमीनच आडवी येत नाही, त्यामुळे तिसऱ्या गोष्टीला मर्यादा उरत नाही. दोन माथ्यांमध्ये बारा सेकंद असतील तर खोल पाण्यात लाटेची लांबी सुमारे २२५ मीटर आणि वेग ताशी ६७ किलोमीटर, भुसावळ-जळगाव रस्त्यावरच्या एसटीइतका. एवढी लाट नुसती वर-खाली झाली तर बोटीला काही होत नाही. धोका फुटणाऱ्या लाटेचा. उंची लांबीच्या सातव्या भागापर्यंत पोचली की माथा कोसळतो. बोटीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त उंचीची फुटती लाट आडवी आदळली तर छोटी बोट पूर्ण उलटी फिरू शकते. कीलमधलं, म्हणजे बोटीच्या तळाच्या जड कण्यातलं, शिसं तिला परत सरळ करतं, डोलकाठी मात्र बहुधा जाते. २१ सप्टेंबर २०१८ ला गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत टोमींची ‘तुरीया’ अशीच उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. या शर्यतीत जीपीएसला मनाई असते, सगळी भिस्त सेक्स्टंटवर.

एकट्याच्या बोटीत सर्वांत कष्टाळू सोबती म्हणजे विंडवेन. मागच्या बाजूला एक हलकं पातं उभं असतं, ते वाऱ्याच्या रेषेत लावून ठेवायचं. बोट मार्ग सोडून वळली की वारा पात्याच्या बाजूवर लागतो, पातं कलतं आणि पाण्यात बुडवलेलं एक वल्ह्यासारखं फळकूट किंचित पिळतं. धावत्या पाण्याचा जोर त्या फळकुटाला बाजूला ढकलतो, त्याला बांधलेले दोर सुकाणू ओढतात आणि बोट परत मार्गावर येते. वीज लागत नाही. दोष एकच: ते वाऱ्याशी इमान राखतं, दिशेशी नाही. झोपेत वारा फिरला तर बोटही गुपचूप फिरते.

बोटी बुडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतात. शीड वर ओढून धरणारा दोर डोलकाठीच्या टोकाला एकाच चाकावरून जातो आणि दर लाटेला तिथे केसभर पुढेमागे होतो. महिन्यानंतर नेमक्या तिथेच तो तुटतो. उपाय साधा आहे: दर दोन-चार दिवसांनी दोर वीतभर सैल करायचा किंवा ओढायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. जिथे दोर कडेला लागतो तिथे रबरी नळीचा तुकडा चढवायचा. डोलकाठी धरणाऱ्या पोलादी दोऱ्या एकोणीस तारांच्या पिळाच्या असतात. त्या मधे तुटत नाहीत, टोकाच्या जोडात शिरतात तिथे तुटतात, कारण मीठ आणि ओल तिथेच साचते आणि वाकही तिथेच पडतो. तपासायला कापसाचा बोळा घ्यायचा आणि तारेवरून वरून खाली फिरवायचा. एखादी तार तडकली असेल तर कापसाचा धागा तिथे अडकून राहतो. एक तार गेली तर त्या दोरीवर दुसरी बांधून वेग उतरवायचा. दोन गेल्या तर त्या बाजूने वारा घ्यायचाच नाही.

शीड कमी करण्याचा निर्णयही आकड्यांचाच. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पंधरा नॉटला जे शीड ठीक, ते तिसाला बोट आडवी पाडेल. एकट्याने अंधारात शीड आखडायला वेळ लागतो, म्हणून रात्र पडण्याआधीच एक घडी घ्यायची, वारा नसला तरी.

झोपेचं गणित असं. डोळा अडीच मीटरवर असेल तर क्षितिज सव्वातीन मैलांवर. समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाची, पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवरची, सुकाणूची खोली साधारण साडेतेरा मैलांवरून दिसू लागते. जहाज वीस नॉटने, आपण सहाने, म्हणजे टक्कर तीस मिनिटांवर. म्हणून जहाजांच्या मार्गात वीस मिनिटांचा गजर लावून झोपायचं, उठून चारी बाजू पाहायच्या, पुन्हा झोपायचं. एआयएस यंत्र जहाजांची खबर देतं, पण लाकडी मासेमारी होड्यांवर ते असेलच असं नाही.

पाण्यासाठी माणशी तीन लिटर धरले तर दीडशे दिवसांचे ४५० लिटर. सोबत आरओचं यंत्र असतं. पण घरच्या आरओला पाचेक बार दाब पुरतो, समुद्राच्या पाण्याला पन्नास-पंचावन्न लागतो, कारण लिटरमागे ३५ ग्रॅम मिठाचा नैसर्गिक दाबच सत्तावीस बारच्या घरात असतो. हाताने चालणारा पंप तासाला फार थोडं पाणी देतो. पावसाचं पाणी शिडावरून धरता येतं, पहिला लोंढा खारट म्हणून सोडून द्यायचा. शिधा निवडताना आपल्याकडच्या उन्हाळी वाळवणाचा कुणी गांभीर्याने विचार करावा. बिबडे, कुरडया, सांडगे, डाळीच्या वड्या हे पदार्थ कोरडे राहिले तर महिनोन्महिने टिकतात. फक्त दमट हवेत डबा एकदा उघडला की संपलं, म्हणून दोन दिवसांच्या मापाची छोटी पाकिटं करायची. कांदा-बटाटा हवेशीर जाळीत, एकमेकांपासून दूर ठेवायचा. केळीचा घड नेऊ नये. इथिलीनमुळे तो एकदम पिकतो आणि शेजारच्या फळांनाही पिकवतो.

या एकट्या बोटी विज्ञानालाही उपयोगी पडतात. दक्षिण महासागरात व्यापारी जहाजं फारशी जात नाहीत, त्यामुळे तिथली मोजमापं तुटपुंजी. २०२०-२१ च्या व्हेंदे ग्लोब या एकट्याच्या शर्यतीत काही स्पर्धकांनी वाटेत आर्गो तरंगते समुद्रात सोडले. आर्गो म्हणजे माणसाच्या उंचीची नळी. आतलं तेल पंपाने बाहेरच्या पिशवीत ढकललं की नळीचं वजन तेच राहतं पण आकारमान वाढतं, आणि ती वर येते. तेल आत ओढलं की बुडते. ती हजार मीटरवर वाहत राहते, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजते आणि उपग्रहाला कळवते. जगात असे चार हजारांच्या आसपास तरंगते आहेत, भारताचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. बोरिस हेरमानने त्याच शर्यतीत बोटीवरच्या स्वयंचलित यंत्राने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजत नेला. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर थरात सगळ्या वातावरणाइतकी उष्णता मावते, म्हणून त्याचं तापमान मोजल्याशिवाय मोसमी पावसाचा ऋतूभराचा अंदाज देता येत नाही.

खान्देशातल्या कुणाला यात उतरायचं असेल तर निम्मी तयारी गावातच होते. डिझेल इंजिनाने एअर धरली की फिल्टरजवळचा स्क्रू ढिला करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं, हे पंपावर काम केलेल्या कुणालाही येतं. मोटारीचे ब्रश बदलणं, जाड कापड दुहेरी टाक्याने शिवणं, बॅटरीचं पाणी बघणं हेही इथे शिकायला मिळतं. पोहणं मात्र धरणात नाही, वाहत्या आणि खवळलेल्या पाण्यातही जमलं पाहिजे. मग मुंबईत किंवा गोव्यात छोट्या शिडाच्या होडीपासून सुरुवात करायची, पुढे दोघातिघांच्या चमूत रात्रीची सफर, आणि त्यानंतर मुंबई ते गोवा. अंतर दोनशेहून जास्त सागरी मैल, पाच नॉटने साधारण दोन दिवस. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कारण तेव्हा पहाटे जमिनीवरून आणि दुपारनंतर समुद्रावरून असा वाऱ्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस मैल बाहेर राहिलं तर मासेमारीची जाळी कमी लागतात, पण मालवाहू जहाजं वाढतात. वीस मिनिटांचा गजर पहिल्यांदा तिथेच लावून पाहायचा, सोबत जागं असणारं दुसरं कुणी आहे तोवर.